समभाग आणि सदसद्विवेक : एका अमेरिकन चर्चमधील पॅलेस्टाइनविषयक वाद

प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.) या अमेरिकन पंथापुढील प्रश्न पॅलेस्टिनी जनतेविषयी सहानुभूती असावी की नाही, हा नव्हता. तिच्या हक्कांच्या पायमल्लीस ज्यांची उत्पादने उपयोगी पडतात, अशा कंपन्यांचे समभाग चर्चने बाळगावेत काय, हा होता. २००४ मध्ये महासभेने टप्प्याटप्प्याच्या, निवडक निर्गुंतवणुकीची प्रक्रिया ४३१ विरुद्ध ६२ मतांनी स्वीकारली. ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. दीर्घकाळ जोपासलेला आंतरधर्मीय संवादच पणाला लागला. २००६ मध्ये ठरावाची भाषा सौम्य झाली. दरम्यान भागधारक या नात्याने कंपन्यांशी बोलणी चालू राहिली; पॅलेस्टिनी घरे पाडणारे बुलडोझर हा त्यांतील कळीचा मुद्दा होता. बोलणी निष्फळ ठरली, तरीही २०१२ मध्ये निर्गुंतवणुकीचा प्रस्ताव अवघ्या दोन मतांनी फेटाळला गेला. २०१४ मध्ये डेट्रॉइट येथे मात्र तो ३१० विरुद्ध ३०३ मतांनी संमत झाला. कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड व मोटोरोला सोल्युशन्स यांतील सुमारे २.१ कोटी डॉलर काढून घेण्याचे ठरले. कंपन्यांच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळच. त्याच ठरावात इस्राएलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केलेला होता, याकडे मात्र समर्थक व टीकाकार दोघांचेही सहसा दुर्लक्ष होते. २०२२ मध्ये महासभेने इस्राएलच्या पॅलेस्टिनींविषयीच्या धोरणास ‘अपार्थाइड’ ही संज्ञा लावली. त्या वेळी मतांचे अंतर २६६ विरुद्ध ११६ इतके वाढले होते.