निगेटिव्ह रक्ताचं ताट

भाचीला तिसरा महिना लागला आणि रक्ततपासणीच्या कागदावर ‘बी निगेटिव्ह’ आलं. चार दिवसांत तिच्या फ्रिजच्या दारावर मोबाइलवरून उतरवून घेतलेली यादी लागली: गहू नको, टोमॅटो नको, मसूर नको, दही नको. मी गेले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून नुसता भात आणि दुधीची भाजी खात होती. “मावशी, पोळी खाल्ली तर बाळाला काही होणार नाही ना गं?” असं तिने विचारलं, तेव्हाच हा लेख लिहायचं ठरलं. माझंही रक्त निगेटिव्हच आहे.

निगेटिव्ह म्हणजे काय? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असतं. ज्यांच्या पेशींवर ते असतं ते पॉझिटिव्ह, नसतं ते निगेटिव्ह. कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी 1940 मध्ये या आरएच घटकाची ओळख करून दिली. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 15 टक्के निगेटिव्ह असतात, आपल्याकडे पाच टक्क्यांच्या आसपास. हा आजार नव्हे आणि अशक्तपणाही नव्हे. जठर, आतडी, पाचक रस यांचं काम त्या प्रथिनावाचून अडत नाही. मग गहू कुणाला सोसेल हे रक्तगट कसा ठरवणार?

रक्तगटानुसार आहाराचं वेड पसरवलं ते पीटर डी’अ‍ॅडॅमो यांच्या 1996 च्या पुस्तकाने. तिथेही मुख्य विभागणी ए, बी, एबी, ओ अशीच. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये तो दावा तपासला. भाज्या-फळांकडे झुकणाऱ्या आहाराने फायदा दिसला, पण तो ज्या गटासाठी सांगितला होता त्यांनाच नव्हे, बाकीच्यांनाही.

तरीही निगेटिव्ह बाईने एका गोष्टीची काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे हिमोग्लोबिन. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिला निगेटिव्हच रक्त लागतं, आणि ते मिळवताना घरच्यांची धावपळ होते. अंगात रक्त भरपूर असेल तर ती वेळ येण्याची शक्यता कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात गर्भारशीच्या ताटातून मसूर काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या दिवशी आम्ही मोड आलेल्या मटकीची उसळ केली, लोखंडी कढईत. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. वरून अर्धं लिंबू पिळलं, कारण ‘क’ जीवनसत्त्व सोबत असलं की वनस्पतीतलं लोह नीट शोषलं जातं. बरोबर पोळी आणि टोमॅटोची कोशिंबीर. जेवण झाल्या झाल्या ती सवयीने चहाचं आधण ठेवायला वळली, तेव्हा मी हात धरला. चहातलं टॅनिन लोह अडवून ठेवतं. तास-दीड तास जाऊ द्यावा. गोळ्यांचंही तेच. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. मासे-मटण खाणाऱ्यांना लोह जास्त सहज मिळतं. न खाणाऱ्यांनी पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, नाचणी यांवर भर द्यावा.

निगेटिव्ह असण्याचा खरा प्रश्न मात्र कुठल्याच ताटाने सुटत नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याच्या रक्ताच्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या, तर आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप जन्मतं. ती प्रतिपिंडं धोका करतात पुढच्या बाळाला. यावर 1968 पासून अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. ते साधारण 28 व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला, अंगावरून रक्त गेलं किंवा पोटाला मार लागला, तरीही डॉक्टरांना आधी रक्तगट सांगायचा आणि इंजेक्शनचं विचारायचं.