बेडूकरावांचं मेडिकल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लाँग वीकेण्ड गाठून, लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवून मी कोकणात मामाकडे गेलो होतो. रात्री न्हाणीघराचा दिवा लावला, तर कोपऱ्यात एक बेडूक! विटकरी-लाल पाठ, दोन्ही बाजूंना काळी किनार. डिझायनर कुर्ता घालून रिसेप्शनला आल्यासारखा ऐटीत बसलेला. मी दारातच थबकलो.

‘‘मेला रोज येतो,’’ मागून मामी म्हणाली, ‘‘तो खराटा घे नि ढकल बाहेर.’’

मी खराटा घेतला. पण आधी मोबाइलवर फोटो काढला आणि साप-बेडकांच्या मागे रात्र रात्र भटकणाऱ्या एका मित्राला पाठवला. दोन मिनिटांत रिप्लाय : ‘‘फोटोवरून तरी बहुविस्तार वाटतोय. बॉस, हा उरुमिनवाला! तुझ्या ताईला सांग.’’

ताईचा काय संबंध? मी खराटा भिंतीला टेकवला आणि वाचत बसलो.

ऑगस्ट, २००९

संबंध कळायला थोडं मागे जावं लागेल. ३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यात. मी तेव्हा अकरावीत होतो. कॉलेज बंद, मॉल बंद, थिएटरं बंद. मास्क मिळेनात, म्हणून आई रुमालाच्या घड्या घालून द्यायची. आणि त्याच आठवड्यात हिंजवडीत नुकतीच जॉबला लागलेली ताई तापाने फणफणली. रिपोर्ट पॉझिटिव्ह. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती, त्यातले तीन ऑक्सिजनवर. आम्ही काचेतून हात हलवायचो. ती बरी झाली. पण आजही घरात कुणी शिंकलं की आईचा चेहरा बदलतो.

त्या विषाणूचं नाव एच१एन१. आणि या बेडकाच्या अंगावर जे सापडलं, ते नेमकं एच१ जातीच्या फ्लूवर चालतं.

कूपमंडूक? छे!

आपल्याकडे कोत्या बुद्धीच्या माणसाला कूपमंडूक म्हणतात. हा मात्र नावानेच ‘बहुविस्तार’. म्हणजे लांबवर पसरलेला. पूर्वी त्याला त्याच्या मलबारी भावंडात धरायचे. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली शरीराची मापं आणि जनुकं तपासून सांगितलं, की ही जात वेगळी आहे. पुण्यातल्या अभ्यासकांनी केलेलं हे बारसं!

दोनच वर्षांनी, एप्रिल २०१७मध्ये, हाच बेडूक ‘इम्युनिटी’ या बड्या जर्नलमध्ये झळकला. तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी आणि अमेरिकेतली एमरी युनिव्हर्सिटी यांचं ते काम. बेडकाला सौम्य विजेचा झटका दिला की त्वचेतल्या ग्रंथी पाझरतात. तो स्राव गोळा करायचा आणि बेडकाला परत जंगलात सोडून द्यायचं. त्या स्रावात असतात पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे छोटे तुकडे. अशी ३२ पेप्टाइड फ्लूवर तपासली. चारांनी विषाणूला गारद केलं. पण त्यातली तीन माणसाच्या लाल रक्तपेशींनाही फोडत होती. उरलं एक. केरळात कमरेला गुंडाळता येणारी लवचीक तलवार असते, उरुमी. तिच्यावरून त्याचं नाव ठेवलं उरुमिन.

फ्लूचा विषाणू दर वर्षी आपलं ‘डोकं’ बदलतो, म्हणून लस पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. उरुमिन घाव घालतं डोक्याखालच्या देठावर. तो देठ फारसा बदलत नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे काही एच१ विषाणूही त्यापुढे टिकले नाहीत. उंदरांनाही घातक फ्लूपासून त्याने वाचवलं, हे महत्त्वाचं.

कॉपी, पेस्ट, एडिट

आता खरा प्रश्न. एवढुशा प्राण्याकडे ही मेडिकलची फळी आली कुठून? त्याला बिचाऱ्याला ओलं राहावं लागतं, पातळ त्वचेतून श्वास घ्यावा लागतो आणि राहायचं डबक्यात. जंतूंना एवढा मोकळा दरवाजा दुसरा नाही. म्हणून पहारा दारातच ठेवलेला.

या पहारेकऱ्यांची रेसिपी जनुकात लिहिलेली असते आणि तिचा फॉरमॅट आपल्या ऑफिसच्या ई-मेल टेम्प्लेटसारखा असतो. वर ठरलेलं हेडर, म्हणजे ‘हा माल पेशीबाहेर पाठवा’ असा पत्ता. मग एक मधला तुकडा, शस्त्र वेळेआधी चालू नये म्हणून सांभाळणारा. शेवटी खरा मजकूर, म्हणजे पेप्टाइड. गंमत अशी, की एका घराण्यातल्या बेडकांमध्ये हेडर जवळपास सारखं राहतं आणि मजकूर मात्र जातीगणिक भन्नाट बदलतो.

हे होतं कॉपी-पेस्टमुळे. पिढ्यांच्या ओघात जनुकाची चुकून एक जादा प्रत तयार होते. मूळ प्रत काम सांभाळते, कॉपी एडिट करायला मोकळी. जो बदल नव्या जंतूला रोखतो, तो टिकतो. लाखो वर्षं हेच चाललंय.

शास्त्रज्ञांनी या हेडरचाच फायदा घेतला. हेडर ठाऊक असेल तर ते सर्चमध्ये टाका, खालचा अनोळखी मजकूर आपोआप हाती लागतो. उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की जनुकाचा निरोप वाहणारा आरएनए त्वचेच्या स्रावातही सापडतो. म्हणजे रेसिपी वाचायला बेडूक मारायची गरज नाही. एकदा वाचली, की ते पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवता येतं.

थोडा ब्रेक!

लगेच केमिस्टकडे धावू नका. उरुमिन अजून गोळी झालेलं नाही, आणि ही वाट लांब असते. १९८७ साली अमेरिकेत मायकेल झास्लॉफ यांच्या लक्षात आलं, की ऑपरेशन केलेले आफ्रिकन बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी जखमा चिघळत नाहीत. त्यातून मिळालं मॅगेनिन. हिब्रूतल्या ‘ढाल’ या शब्दावरून हे नाव. त्यापासून मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मलम बनलं, पण १९९९मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्याला मंजुरी दिली नाही. उपलब्ध औषधांपेक्षा ते सरस आहे, हे सिद्ध झालं नव्हतं. शिवाय पेप्टाइड शरीरात फार लवकर तुटतात. आणि हो, बेडूक पकडून अंगाला चोळायची आयडिया तर डोक्यातूनच काढा. त्या चारांतली तीन पेप्टाइड आठवा!

तरीही एक गोष्ट मला झोपू देईना. २०२३च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन धोक्यात आहेत. जमीन जातेय, हवामान बदलतंय, आणि कायट्रिड नावाची बुरशी थेट त्वचेवरच हल्ला करतेय. एक जात संपली की फक्त एक टर्रर्र कमी होत नाही. त्या घराण्यात फक्त तिच्याकडे असलेला मजकूर डिलीट होतो. बॅकअप नाही, रिसायकल बिन नाही. बहुविस्तार भरपूर आहे म्हणून आपल्याला वाचता आला. जे आपल्याआधी गेले, त्यांच्याकडे काय होतं कुणास ठाऊक.

रात्री साडेअकराला ताईला फोटो पाठवला, खाली सगळी स्टोरी. आता ती चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, दोन मुलांची आई. बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग फोनच आला.

‘‘अजून आहे का रे तो तिथे?’’

‘‘आहे.’’

‘‘मामीला सांग, खराटा उचलायचा नाही. मी सांगितलंय म्हणावं.’’

मी दिवा मालवला आणि अंघोळ सकाळवर ढकलली.