ठिगळाचे माहात्म्य

ठिगळ या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. ठिगळ म्हणजे दारिद्र्याची खूण, असेच आपण समजत आलो. पण भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत संगणक सांभाळणारी मंडळी रात्र जागवतात ती पुष्कळदा ठिगळ लावण्यासाठीच! इंग्रजीतला ‘पॅच’ तो हाच. मराठी शिकविणाऱ्या मला या शब्दाचा हा भाग्योदय मोठा मौजेचा वाटला.

सर्व्हर म्हणजे एक ग्रंथपालच समजा. मागेल त्याला मागेल ते पान द्यावयाचे, हा त्याचा धर्म. आता एखादा वाचक एकाच चिठ्ठीवर लिहितो : पाच ते सहा पाने द्या, पाच ते सात द्या, पाच ते आठ द्या... अशा शेकडो मागण्या! भिडस्त ग्रंथपाल नकला काढीत बसतो, टेबल भरून जाते आणि मागे रांगेत उभे असलेले खरे वाचक रिकाम्या हाताने परततात. चोरी नाही, मोडतोड नाही. नुसती सेवा बंद. ‘अपाची’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरवर 2011 च्या ऑगस्टमध्ये नेमके हेच संकट आले. हे छिद्र मिहाऊ झालेव्स्की या तज्ज्ञाने 2007 मध्येच दाखविले होते. ते तसेच राहिले. हल्ल्याचे हत्यार उघड्यावर आले तेव्हा मात्र थोड्याच दिवसांत, 30 ऑगस्टला, ठिगळ तयार झाले. सप्टेंबरात त्या ठिगळालाही आणखी टाके घालावे लागले!

प्रत्येक दुखण्यावर हा उपाय चालत नाही, हेही खरे. जुलै 2016 मध्ये मुंबईच्या काही इंटरनेट पुरवठादारांवर मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला. तेथे रस्ताच तुंबला होता. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? पण जेथे छिद्र ठाऊक आहे आणि ठिगळ हाताशी आहे, तेथेही ते लागत नाही, याचे काय?

कारण साधे आहे. ठिगळ लावावयाचे तर सर्व्हर घटकाभर थांबवावा लागतो. तो थांबला की चलन निघत नाही, ट्रक फाटकात अडकतो. चाकणच्या मोटार-कारखान्यांना सुटे भाग वेळेच्या हिशेबाने लागतात. म्हणून ‘आज नको, माल जायचा आहे’ हे उत्तर ठरलेले. पण सर्व्हर आपणहून बसला तर? टाटा समूहाच्या जग्वार लँड रोव्हरचे इंग्लंडमधले कारखाने सप्टेंबर 2025 मध्ये सायबर हल्ल्यामुळे महिनाभर थंडावले. हल्ल्याचा प्रकार निराळा, पण झळ लागली ती सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारांनाही.

शहाणे कारखाने आधी दप्तराची नक्कल ठेवतात, दुसऱ्या यंत्रावर ठिगळ पारखून पाहतात आणि मग सुट्टीच्या दिवशी ते लावतात. खंडेनवमीला आपण लेथला झेंडूची माळ घालतो, त्याला विश्रांती देतो. मागच्या खोलीत अहोरात्र घुमणाऱ्या त्या सर्व्हरलाही तेवढा मान मिळावा. माळ नसली तरी चालेल. ठिगळ मात्र वेळेवर लागावे!