गोबर गॅस आणि मिथेनचा हिशेब

शेण गोबर गॅसच्या टाकीत गेलं की वातावरणात जाणारा मिथेन थांबला, ही समजूत इतकी पक्की आहे की तिचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात तो मांडला तर उत्तर वेगळं येतं.

मिथेन तयार व्हायला शेण ओलं आणि हवेपासून दूर राहावं लागतं. तिथल्या प्राणहिता नदीच्या काठची गुरं दिवसा रानात चरतात, कापणी झाली की धानाच्या बांध्यांत. तिथं पडलेलं शेण उन्हात वाळतं, उरलंसुरलं शेणकिडे मातीत नेतात. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) 2006च्या मार्गदर्शिकेत उष्ण प्रदेशातल्या चराऊ रानातल्या शेणापासून शक्य असलेल्या मिथेनपैकी जेमतेम 2 टक्केच सुटतो असं धरलं आहे. पातळ करून साठवलेल्या शेणापासून मात्र 80 टक्क्यांपर्यंत. युरोपातल्या गोठ्यांत पातळ शेणाचे मोठाले हौद असतात, म्हणून तिथं संयंत्राने मिथेनची भरघोस बचत होते. सिरोंच्यात उलट घडतं. एरवी तयारच झाला नसता असा मिथेन टाकी मुद्दाम घडवते.

मग फायदा कुठला? सरपणाचा. रोज साधारण 50 किलो शेण घातलं तर 2 घनमीटर गॅस मिळतो आणि त्यावर एका कुटुंबाचा बराच स्वयंपाक निघतो. चुलीत अर्धवट जळणाऱ्या लाकडातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा मिथेनही सुटतो. तो धूर टळतो. वाघाच्या रानात मोळी आणायला जाणंही कमी होतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत ही लहान गोष्ट नाही.

गॅस जळताना कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग सिलिंडरमध्ये आणि यात फरक काय, असंही विचारलं जातं. सिलिंडरमधला कार्बन लाखो वर्षं जमिनीखाली होता. शेणातला कार्बन गेल्या हंगामातल्या गवताने आणि धानाने हवेतूनच घेतलेला असतो. एक किलो मिथेन जळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच न जळता सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. सगळा खेळ ज्योतीचा आहे.

म्हणूनच गळती महागात पडते. शेणाच्या वासात गॅसचा वास लपतो, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे गळती दाखवतात. दीनबंधू पद्धतीच्या टाकीच्या घुमटाला बारीक तडा असला, तरी गॅसची शेगडी पेटते आणि कुणाला शंका येत नाही. न वापरलेला गॅसही टाकीत मावेनासा झाला की निघून जातो: तरंगत्या टाकीत कडेने, घुमटाच्या टाकीत राबडी, म्हणजे गॅस निघून गेलेलं पातळ शेण, बाहेर पडते त्या तोंडातून. उन्हाळ्याच्या तापत्या दिवसांत गॅस भरभर तयार होतो, स्वयंपाक मात्र तेवढाच असतो. तेव्हा शेण कमी घालणं शहाणपणाचं.

गाईचा मिथेन शेणातूनच येतो, हाही भ्रम आहे. तो मुख्यतः ढेकरांतून येतो. भारताच्या 2016च्या नोंदीत शेतीच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा जनावरांच्या पचनाचा होता, शेणखताचा 7 टक्क्यांहून कमी. टाकी कितीही चांगली असली तरी ढेकरांना हात लावत नाही.

राहिली राबडी. बाहेर पडल्यावरही ती काही काळ मिथेन सोडत राहते, विशेषतः खोल खड्ड्यात साचली तर. तणस आणि पाल्यावर थरांनी पसरली की तिला हवा लागते. मात्र उघड्या उन्हात तिच्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो, म्हणून शेतात नेल्यावर ती लगेच मातीत मिसळावी लागते.