गाडीला सुट्टी देताय? मग नीट द्या!

शेवटचा पेपर दुपारी संपतो आणि रात्रीची लातूरची नाहीतर जळगावची ट्रॅव्हल्स बुक असते. मधल्या पाच-सहा तासांत रूम आवरायची, मेसचा हिशोब मिटवायचा, जड पुस्तकं मित्राकडे टाकायची. गाडीच्या वाट्याला काय येतं? पार्किंगचा कोपरा, साइड स्टँड, हँडल लॉक आणि वॉचमनकाकांना ‘जरा लक्ष ठेवा हं’. (पुण्यात गाडी म्हणजे टू-व्हीलर, हे बाहेरून आलेल्यांनाही पहिल्याच आठवड्यात कळतं.) दोन महिन्यांनी परत येऊन बटण दाबलं की नुसतं ‘टक्’! मग धक्का, मग गॅरेज आणि मग बिल. ते कधीकधी मेसच्या महिन्याभराच्या पैशांना जाऊन भिडतं.

‘चालवलीच नाही तर बिघडली कशी?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. २०२०च्या मार्चमध्ये हॉस्टेल्स रिकामी झाली, २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि हजारो गाड्या होत्या तिथेच अडकल्या. उभी गाडी आराम करत नसते, ती हळूहळू खराब होत असते, हे तेव्हा बऱ्याच जणांना समजलं. थंड देशांत ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलीय की जर्मनीत १९९७पासून चक्क सीझनची नंबरप्लेट मिळते. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत गाडी रस्त्यावर येणार, ते प्लेटवरच छापलेलं असतं. टॅक्स आणि इन्शुरन्सही तेवढ्याच महिन्यांचा. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून हौशी लोक हिवाळ्याआधी गाडी नीट तयार करून आत ठेवतात. आपल्याकडे मीठ नाही, पण मे महिन्याचं ऊन आणि पाठोपाठ जूनचा पाऊस आहे. सुट्टी नेमकी त्याच वेळी येते.

पहिला बळी बॅटरीचा. बॅटरी न वापरताही आपोआप उतरत जाते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. त्यात घड्याळ, अलार्म, बाबांच्या आग्रहाखातर बसवलेला जीपीएस ट्रॅकर हे सगळे थोडा थोडा करंट पीत असतात. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्जिंगलाही दाद देत नाही. उपाय मात्र दहा मिनिटांचा आहे. पाना घ्या, आधी निगेटिव्हची म्हणजे काळी वायर काढा, मग पॉझिटिव्हची. हा क्रम उलटा करू नका. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. लाल वायर काढताना पाना चुकून चेसीला लागला तर ठिणग्या उडतील. परत जोडताना आधी लाल, शेवटी काळी. इलेक्ट्रॉनिक्सवाला मित्र असेल तर मल्टिमीटर मागून घ्या. चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४च्या खाली असेल तर चार्ज करून मगच ठेवा.

‘त्यात काय, किक मारू’ असं म्हणणाऱ्यांनी आधी खाली वाकून किक आहे का ते बघावं. बऱ्याच नव्या गाड्यांना ती नसतेच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो, त्यामुळे बॅटरी ठार झाली की सगळंच ठप्प. आणि गिअर नसलेली स्कूटर धक्का मारून चालू होत नाही. बिचारे मित्र उगाच घाम गाळतात.

आता पेट्रोल. जाताना टाकी रिकामी ठेवावी असं अनेकांना वाटतं, म्हणजे कोणी चोरणार नाही. पण रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेत दमटपणा असतो आणि पावसाळ्यात तो आत पाणी होऊन बसतो. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. गाडी पहिला घोट तोच घेते. म्हणून दोन महिन्यांसाठी जाणार असाल तर टाकी भरून ठेवा. खिशाला जड जातं हे मान्य, पण पेट्रोल कुठे पळून जात नाही, आल्यावर वापरायचंच आहे. दादाची जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर मेकॅनिककडून कार्बोरेटर तेवढा रिकामा करून घ्या, नाहीतर आतलं पेट्रोल वाळून चिकट होतं आणि जेट चोंदतात.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र रूममेटच्या भरवशाचा. ‘किल्ली ठेव, दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो.’ मैत्री म्हणून ठीक, गाडीसाठी नाही! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब धावली तर सायलेन्सर तापून ती वाफ बाहेर पडते. जागेवर पाच मिनिटं चालवली तर ती आतच गार होते आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढंही पाच मिनिटांत भरून येत नाही. म्हणजे दर रविवारी मित्र प्रेमाने गाडीचं नुकसान करणार. चालवायचीच तर पंधरवड्यातून एकदा नीट वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवावी, नाहीतर हातच लावू नये. आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला किल्ली अजिबात नको. त्याला गाडी चालवू दिली म्हणून मोटार वाहन कायद्यात मालकालाही शिक्षा आहे, पाच हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

बाकीची कामं किरकोळ आहेत. गाडी धुवा आणि पूर्ण वाळू द्या. चिखल तसाच राहिला तर त्याखाली गंज धरतो. बाइकच्या चेनला तेल लावा. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा पूर्ण भरा आणि मेन स्टँडवर लावा, म्हणजे निदान एका चाकावरचा भार जाईल. मेन स्टँड नसेल तर मित्राला सांगा, अधूनमधून गाडी अर्धं चाक पुढेमागे सरकव. एवढं काम त्याला बिनधास्त द्यावं. कव्हर कापडी घ्या. प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळला तर आतली वाफ आतच कोंडते. डिकीत बिस्किटाचा अर्धा पुडा विसरलात तर उंदीर येणार, आणि पुडा संपल्यावर ते वायरिंगकडे वळणार. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून ठेवलंत तर किल्लीला एक चिठ्ठी बांधा, नाहीतर आल्यावर गाडी का चालू होत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल.

निघण्याआधी इन्शुरन्सची तारीख मात्र बघाच. सुट्टीत तो संपला आणि ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो. गाडी रस्त्यावर बेवारस दिसेल अशी ठेवू नका. धूळ बसलेल्या, हवा गेलेल्या गाड्यांवर महापालिका नोटीस चिकटवते आणि पुढे उचलून नेते. तुम्ही गावी आंबे खात असताना ती नोटीस वाचणार कोण?

परत आल्यावर घाई नको. फडकं काढा, बॅटरी जोडा, हवा भरा, ब्रेक जागेवरच दोन-चारदा दाबून बघा. डिस्कवर गंजाचा पातळ थर दिसेल, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो. तोपर्यंत गाडी हळूच चालवा, पहिलं लेक्चर बुडालं तरी चालेल.