उपग्रहावरील ओझोनमापकांचे दीर्घकालीन अंशशोधन

कृत्रिम उपग्रहावरील उपकरणाने वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींत दिसणारा बदल खरोखर वातावरणात झाला आहे, की उपकरणाच्या झिजेमुळे भासतो आहे, हे ठरविण्यासाठी केलेल्या नियमित तपासणीस दीर्घकालीन अंशशोधन म्हणतात. ओझोनच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे ठरते; कारण तेथे शोधावयाचा बदल बहुतेक ठिकाणी दशकभरात अवघा काही टक्के असतो.

निंबस-७

नासाने ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर टॉम्स व एसबीयूव्ही ही दोन ओझोनमापके होती. पृथ्वीकडून परतणाऱ्या अतिनील प्रकाशाची तुलना ती सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाशी करीत. ओझोन अतिनील किरण शोषून घेतो. म्हणून परतणारा प्रकाश जितका कमी, तितका ओझोन अधिक. सूर्यप्रकाश मात्र उपकरणात सरळ न घेता ॲल्युमिनियमच्या खरबरीत तबकडीवरून विखरून घेतला जाई, आणि ही तबकडी दोन्ही उपकरणांस मिळून एकच होती.

उन्हात राहून ती हळूहळू काळवंडली. आखूड तरंगलांबींसाठी अधिकच. सूर्य मंदावल्यासारखा दिसू लागला, त्याच्या तुलनेत पृथ्वीचा प्रकाश वाढल्यासारखा वाटला आणि ओझोन होता त्याहून कमी भरला. तराजूतील वजनच झिजले की धान्य जास्त भरते, त्यातलाच हा प्रकार.

ओझोनची घट खोटी नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अंटार्क्टिकावरील तीव्र घट १९८५ मध्ये जगापुढे आली ती जमिनीवरील डॉबसन वर्णपटमापकाच्या नोंदींवरून. प्रश्न घटीच्या प्रमाणाचा होता. ओझोन ट्रेंड्स पॅनेल या तज्ज्ञगटाने १९८८ मध्ये उपग्रहाच्या नोंदी डॉबसन मापकांशी ताडून पाहिल्या व त्यांत घट फुगून दिसत असल्याचे दाखविले. जमिनीवरील नोंदींनुसार ३० ते ६४ अंश उत्तर अक्षांशांत १९६९ ते १९८६ या काळात १.७ ते ३ टक्के घट झाली होती.

नंतरची उपकरणे

१९९१ च्या मीटिऑर-३ वरील टॉम्समध्ये एकीऐवजी तीन तबकड्या बसविल्या. एक सदैव उघडी, दुसरी अधूनमधून वापरावयाची, तिसरी क्वचितच. तिन्हींच्या नोंदींतील फरकावरून झीज कळते. शिवाय तरंगलांबींच्या निरनिराळ्या जोड्यांवरून काढलेला ओझोन सारखाच यावयास हवा. तसा न आल्यास दोष उपकरणाचा.

प्रत्येक दोष तबकड्यांनी सापडत नाही. २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरील ओएमआय या उपकरणाच्या ६० ओळींपैकी काही ओळींच्या नोंदी जून २००७ पासून बिघडू लागल्या. उष्णतारोधक आवरण सैल होऊन दृष्टीच्या आड आले असावे, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. सूर्यप्रकाश वेगळ्या मार्गाने आत येत असल्याने त्या मापनात हा दोष दिसत नाही. बाधित ओळींवर खूण करून त्या अभ्यासातून वगळल्या जातात.