बाटली हलवली होती का?

गेल्या पावसाळ्यात आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आली. "डॉक्टर, तीन दिवस औषध पाजते, पण गुण नाही." तिने पिशवीतून बाटली काढली. वर गोड पाणी, तळाशी पांढरा थर. "आजी, बाटली हलवून पाजली का?" "नाही बाबा, औषध काय ताक हाय व्हय घुसळायला?"

आजीने नेमके उदाहरण दिले. ताक ठेवून दिले की वर निवळी येते, म्हणून आपण ते ढवळून वाढतो. शाळेच्या पुस्तकात याला विषमांगी मिश्रण म्हणतात. मीठ विरघळलेले पाणी मात्र समांगी, म्हणजे एकजीव. पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच खारट. नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. दूध एकजीव दिसते, पण त्यात स्निग्धाचे बारीक थेंब तरंगत असतात.

मुलांची बरीचशी पातळ औषधे ताकाच्या जातीची. न हलवता पाजली तर सुरुवातीला मात्रा कमी पडते आणि तळाशी आलेली मात्रा जास्त होते. दोन्ही वाईट. त्या मुलाला मी नवी बाटली दिली. उरलेले औषध हलवूनही उपयोग नव्हता, कारण ते प्रमाणाबाहेर दाट झाले होते. पूड असलेल्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत औषध संपवावे.

जुलाबावरची जलसंजीवनी मात्र मिठाच्या पाण्यासारखी एकजीव. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या द्रावणाने असंख्य जीव वाचवले. पण पुडीतली कोरडी पूड एकजीव नसते. अर्धी पुडी पेल्यात टाकली तर मीठ किती आणि साखर किती आली, याचा नेम नाही. म्हणून लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवावी आणि चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता पाण्याविषयी. पावसाळ्यात कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचे पाणी गढूळ होते. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते. पण रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ म्हणजे निर्धोक नव्हे! पाणी गाळून, खळखळून उकळूनच प्यावे.

वाचकहो, लेबलवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असे लिहिलेले असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तेवढे वाचून दाखवा. तेही आरोग्याचेच काम आहे.